तीन इंचांच्या फटीतला मासा

स्ट्राइप्ड बास हा अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरचा सर्वांत लाडका आणि सर्वांत भांडणाचा मासा. रुपेरी अंग, हिरवट-काळी पाठ आणि कल्ल्यापासून शेपटीपर्यंत सरळ गेलेल्या सात-आठ काळ्या रेघा ही त्याची ओळख. न्यूयॉर्क आणि त्याच्या उत्तरेचे मच्छीमार त्याला ‘स्ट्रायपर’ म्हणतात. मेरीलँड-व्हर्जिनियात तोच ‘रॉकफिश’ होतो. तीस वर्षांपर्यंत जगणारा हा मासा वाढतोही चांगला दांडगा. गळाने पकडलेल्यांपैकी विक्रमी नोंद झालेला बास २०११ च्या ऑगस्टमध्ये लाँग आयलंड साउंडमध्ये लागला. त्याचे वजन ८१ पौंड १४ औंस, म्हणजे सुमारे ३७ किलो भरले.

हा मासा जन्मतो गोड्या पाण्यात आणि वाढतो समुद्रात. मराठी वाचकाने जिताड्याची उलटी चाल डोळ्यांसमोर आणावी. जिताडा खाडीच्या तोंडाशी खाऱ्या पाण्यात जन्मतो आणि त्याची पिल्ले मचूळ-गोड्या पाण्याकडे वर सरकतात. बासच्या माद्या वसंत ऋतूत समुद्रातून नदीत चढतात आणि वाहत्या पाण्यात लाखोंनी अंडी सोडतात. ती अंडी साधारण दोन दिवस प्रवाहात तरंगत राहिली तरच फुटतात; गाळात बसली की मेली. अटलांटिकवरच्या बहुसंख्य बासचे माहेर चेसापीक उपसागराला मिळणाऱ्या नद्यांत आहे. त्याखालोखाल हडसन आणि डेलावेअर या नद्यांचा नंबर लागतो. अंडी घालून झाली की मोठे मासे किनाऱ्याकिनाऱ्याने उत्तरेला निघतात. मे-जूनमध्ये न्यू जर्सी, नंतर लाँग आयलंड, ब्लॉक आयलंड, केप कॉड, आणि काही थेट मेनपर्यंत पोहोचतात. शरद ऋतूत हाच प्रवास उलट दिशेने होतो.

उन्हाळ्यात या प्रवासाचा एक मोठा मुक्काम लाँग आयलंडच्या पूर्व टोकावर, मोंटॉकला पडतो. न्यूयॉर्क शहरापासून हे टोक सुमारे १९० किलोमीटरवर आहे. लाँग आयलंड रेल्वेचे शेवटचे स्टेशनही तेच. भूशिरावर १७९६ मध्ये बांधून पुरा झालेला दीपस्तंभ उभा आहे. त्याच्या नजरेच्या टप्प्यातल्या पाण्यात जुलै-ऑगस्टमध्ये रोज डझनावारी बोटी मागे दोऱ्या सोडून सावकाश फिरताना दिसतात. चालत्या बोटीमागे गळ ओढत नेण्याची ही पद्धत म्हणजे ट्रोलिंग. जाळे ओढणाऱ्या ट्रॉलरशी तिचा संबंध नाही. इथे प्रत्येक दोरीच्या टोकाला नकली आमिष असते आणि प्रत्येक दांडीमागे एक माणूस.

सहा जणांची बोट

मोंटॉकचे बंदर निसर्गाने दिलेले नाही. आज ज्याला लेक मोंटॉक म्हणतात ते पूर्वी खरोखरच गोड्या पाण्याचे तळे होते. मायामी बीच वसवणारा बिल्डर कार्ल फिशर याने १९२० च्या दशकात मोंटॉकचेही तसेच विलासनगर करायचे ठरवले आणि तळे व समुद्र यांच्यामधली जमीन फोडून वाट काढली. महामंदीत त्याचे नगर बुडाले. बंदर मात्र राहिले, आणि ते मच्छीमारांच्या कामी आले.

या बंदरात भाड्याने मिळणाऱ्या बोटी दोन प्रकारच्या. एक पार्टी बोट : माणशी तिकीट, चाळीस-पन्नास लोक कठड्याला खांदा लावून उभे, तळाला गळ सोडून मासे धरणारे. दुसरी चार्टर बोट : तीस ते चाळीस-पंचेचाळीस फुटांची, एकाच टोळक्याने पूर्ण भाड्याने घेतलेली. बास धरायला जाणारे बहुतेक लोक चार्टर घेतात. तिच्यावर गिऱ्हाइके सहाच. हा सहाचा आकडा सोयीसाठी ठरलेला नाही, त्यामागे एक अपघात आहे.

१ सप्टेंबर १९५१. लेबर डेची जोडून आलेली सुट्टी. न्यूयॉर्कहून मच्छीमारीच्या हौशी लोकांसाठी सुटणारी ‘फिशरमेन्स स्पेशल’ गाडी मोंटॉकला रिकामी झाली आणि लोक धक्क्यावरच्या बोटींकडे धावले. ४२ फुटी ‘पेलिकन’वर ६४ माणसे चढली. परतीच्या वाटेवर हवा बिघडली, इंजिनाने दगा दिला आणि दीपस्तंभाजवळ लाटांनी बोट उलटवली. ४५ जण बुडाले. त्यानंतर हौशी प्रवाशांच्या बोटींवर नियमांचा बडगा आला, आणि १९५६ च्या कायद्याने सहापेक्षा जास्त उतारू घेणाऱ्या बोटीला तटरक्षक दलाची तपासणी सक्तीची झाली. सहापर्यंत लोक नेणाऱ्या कप्तानाला साधा परवाना पुरतो. धक्क्यावरच्या बोलीत त्याला ‘सिक्स-पॅक’ परवाना म्हणतात. चार्टरवाल्यांचे सगळे गणित या आकड्यावर बसते : बोटीचा आकार, डेकवरची जागा, दांड्यांची संख्या, भाडे.

मोंटॉकच्या कप्तानांची जगभर पसरलेली प्रतिमा मात्र बासमुळे झालेली नाही. फ्रँक मंडस हा इथला कप्तान १९५० च्या दशकापासून ‘क्रिकेट टू’ या बोटीवर गिऱ्हाइकांना शार्क धरायला न्यायचा. ‘जॉज’ या कादंबरीतला शार्क मारणारा क्विंट बेतताना तिचा लेखक पीटर बेंचली याच्यासमोर मंडस होता असे सर्वत्र मानले जाते. खऱ्या चार्टर कप्तानाच्या आयुष्यात आरडाओरडा कमी आणि डिझेलचा हिशेब जास्त.

बोटीवर दोघेच कर्मचारी असतात. कप्तान वरच्या मजल्यावर, सुकाणूपाशी. खाली डेकवर मेट, म्हणजे त्याचा खलाशी. आमिषे बांधणे, दोऱ्या सोडणे, मासा बोटीत घेणे, गळ काढणे, मोजमाप, परतल्यावर मासा साफ करून देणे आणि मधल्या वेळात उलटी करणाऱ्या पाहुण्याला सावरणे, हे सगळे मेटकडे. भाडे बोटीचे असते. मेटची कमाई बरीचशी बक्षिशीवर चालते आणि भाड्याच्या पंधरा-वीस टक्के देण्याचा रिवाज आहे. गिऱ्हाइकाला स्वतःचे काहीही आणावे लागत नाही. खाणे, टोपी आणि मळमळीची गोळी एवढे पुरते. गोळी बोट सुटण्याआधी घ्यायची असते, हे बहुतेकांना बोट सुटल्यावर आठवते.

पाणी चढते कुठे

बंदराबाहेर पडून भूशिरापर्यंत जायला अर्धा तास लागतो. जूनअखेर आणि जुलैच्या सुरुवातीला या अर्ध्या तासात बरेचदा काहीच दिसत नाही. दक्षिणेकडची उबदार दमट हवा अजून थंड असलेल्या पाण्यावर आली की धुके धरते. मग रडार, भोंगा आणि मंद गती.

मोंटॉकच्या भूशिरापाशी खुला अटलांटिक आणि ब्लॉक आयलंड साउंड यांच्यामध्ये पाण्याची सतत ये-जा चालते. भरतीला पाणी एका बाजूला धावते, ओहोटीला दुसऱ्या. मधल्या पट्ट्यात हिमयुगातल्या हिमनद्यांनी आणून टाकलेले धोंडे आणि उंचवटे आहेत. शॅगवाँग, द एल्बो, ग्रेट ईस्टर्न, एंडेव्हर शोल्स ही त्यांतली काही नावे प्रत्येक कप्तानाला तोंडपाठ असतात. खोल पाणी वेगाने येऊन अशा उंचवट्यावर आदळले की त्याला वर चढावे लागते. थोड्या खोलीतून तेवढेच पाणी जायचे म्हणजे वेग वाढतो, आणि उंचवटा ओलांडताच पृष्ठभाग फुटून उभ्या लाटांची रांग तयार होते. या रांगेला ‘रिप’ म्हणतात. भोवतीचा समुद्र शांत असतानाही रिपमध्ये पाणी उकळ्या फुटल्यागत दिसते.

बोटभर लांबीचे सँड ईल, लहान स्क्विड, बटरफिश असे जीव या प्रवाहात सापडले की त्यांना धड पोहता येत नाही. ते गरगरत उंचवट्यावरून पलीकडे फेकले जातात. बास खालच्या धोंड्यांच्या आडोशाला तोंड प्रवाहाकडे करून थांबतो. तिथे त्याला कमी ताकद लागते आणि खाद्य आपोआप डोक्यावरून जाते. म्हणूनच बासची शिकार घड्याळाने ठरत नाही, भरतीच्या कोष्टकाने ठरते. पाणी वाहते आहे तोवर मासा खातो. भरती-ओहोटीच्या सांध्यावर प्रवाह थांबला की रिप सपाट होते, मासा पसरतो, आणि अख्खा ताफा हात बांधून बसतो. हा सांधा साधारण सव्वासहा तासांनी येतो. अर्ध्या दिवसाची चार्टर सहसा चार-पाच तासांची असते. कप्तान पहाटे पाचला बोलावतो तेव्हा त्याचे कारण उजेड नसून पाणी असू शकते.

आता यातली खरी कसरत. ट्रोलिंग म्हटले की बोट पुढे जात राहते अशी कल्पना असते. रिपमध्ये तसे होत नाही. कप्तान बोटीचे नाक प्रवाहाकडे करतो आणि इंजिनाचा वेग असा राखतो की बोट जवळजवळ जागच्या जागी उभी राहते. समजा, प्रवाह अडीच नॉटचा आहे आणि बोट पाण्यातून तीन नॉटने चालली आहे. तर जमिनीच्या हिशेबाने ती अर्ध्याच नॉटने पुढे सरकते. मागचे आमिष मात्र तीन नॉटने पोहत असते. सुकाणू किंचित डावी-उजवीकडे देत कप्तान बोट रिपच्या पुढच्या कडेने तिरकी सरकवतो, म्हणजे शंभर यार्ड मागे असलेली आमिषे बरोबर उंचवट्याच्या माथ्यावरून माशांच्या तोंडावर येतात. शेजारी वीस बोटी हेच करत असतात. रांग मोडून दुसऱ्याच्या दोऱ्यांवरून बोट नेणाऱ्या नवशिक्या खासगी बोटवाल्याला रेडिओवर जे ऐकावे लागते ते दिवाळी अंकात छापण्याजोगे नाही.

आणखी एक रेघ कप्तानाला सांभाळावी लागते, ती पाण्यावर दिसत नाही. किनाऱ्यापासून तीन सागरी मैलांपर्यंतचे पाणी राज्याचे. त्यापुढचे संघराज्य सरकारचे. १९९० पासून संघराज्याच्या पाण्यात स्ट्राइप्ड बास धरायला बंदी आहे. मासा ही रेघ जाणत नाही, तो मजेत ओलांडतो. कप्तानाच्या पडद्यावरच्या नकाशात ती आखलेली असते, आणि पलीकडे पक्ष्यांचे थवे पाण्यावर तुटून पडताना दिसले तरी तिथे गळ टाकता येत नाही.

तीनशे फूट तार

बास तळाशी, आमिष पृष्ठभागावर : ट्रोलिंगमधला हा मूळ पेच. साधी नायलॉनची दोरी प्रवाहात उचलली जाते आणि आमिष वर तरंगते. तिला वजन बांधले तर ते आमिषाची हालचाल मारते. मोंटॉकचा जुना उपाय म्हणजे दोरीच्या जागी तार. मोनेल नावाच्या निकेल-तांब्याच्या मिश्रधातूची किंवा स्टेनलेस स्टीलची ही तार जड आणि बारीक असते. ती पाणी कापत खाली जाते. ट्रोलिंगच्या वेगाला ठोकताळा असा की दहा फूट तार सोडली की आमिष एक फूट खाली. तीनशे फूट सोडली तर तीस फूट.

तारेवर ठरावीक अंतरांवर रंगीत धाग्याच्या किंवा टेपच्या खुणा असतात. कप्तान वरून खोलीमापक पाहतो आणि नुसता आकडा ओरडतो : ‘अडीचशे!’ मेट रीळ मोकळे करतो, चकतीवर अंगठा दाबून ठेवतो आणि खुणा मोजत तार सोडतो. अंगठा उचलला की रीळ तारेपेक्षा जोरात फिरते आणि क्षणात तारेचा गुंता होतो. नायलॉनचा गुंता सोडवता येतो. तारेला मात्र पीळ पडला की ती तिथेच तुटणार हे ठरलेले, म्हणून तेवढा तुकडा कापून टाकावा लागतो. याच कारणाने तारेला कधी ढील द्यायची नसते. गिऱ्हाइकाच्या हाती दांडी येते ती तार पूर्ण सुटून ताठ झाल्यावरच.

तारेच्या टोकाला जाड नायलॉनचा दहा-पंधरा फुटांचा तुकडा, आणि त्याला आमिष. मोंटॉकच्या उन्हाळ्यात दोन आमिषे जास्त चालतात. पहिले पॅराशूट जिग : शिशाचे डोके आणि त्याला उलट्या दिशेने बांधलेले नायलॉनचे केस, पांढरे किंवा पोपटी. दांडीला हिसका दिला की केस मिटतात, सैल सोडली की फुलतात, आणि स्क्विड श्वास घेतो तसे काहीतरी खाली चाललेले माशाला दिसते. दुसरे अंब्रेला रिग : छत्रीच्या काड्यांसारख्या चार तारा, प्रत्येकीवर लोंबणारे रबरी नळीचे तुकडे आणि मध्यभागी मागे राहणारा एक. सँड ईलचा छोटासा थवाच त्यातून पाण्यात उतरतो. एका वेळी दोन मासे लागण्याचा संभव यातच. ओढायला हे रिग अतिशय जड. मासा नसतानाही नवख्याला वाटते की मासा लागला.

दांडी हातात

अंब्रेला रिगची दांडी बोटीवरच्या खाचेत ठेवून ते ओढता येते. पॅराशूटला मात्र माणूस लागतो, आणि तो माणूस गिऱ्हाइकच असतो. दांडीचे टोक मागे, पाण्याकडे झुकवायचे. मग झटक्याने पुढे ओढायचे. पुन्हा मागे सोडायचे. सेकंदा-दीड सेकंदाला एक झटका, न थांबता. तार ताणली जात नसल्याने दोनशे-तीनशे फूट मागच्या आमिषाला प्रत्येक हिसका जसाच्या तसा पोहोचतो. उलट बाजूने तळाच्या दगडाची ठोकरही हाताला कळते. पहिली दहा मिनिटे मौज वाटते. मग खांदा बोलू लागतो, झटके अर्धे होतात, आणि मेट येऊन नम्रपणे सांगतो की मासा कंटाळलेले आमिष खात नाही.

मासा लागतो तो बहुधा दांडी मागे जात असताना. हात पुढे ओढायला जातो आणि पुढे येतच नाही. कप्तान वेग थोडा कमी करतो, बोट थांबवत नाही. थांबवली तर तार सैल पडेल. काठावरून किंवा लहान बोटीतून बास धरणारे दांडी वर उचलून खाली आणत गुंडाळतात. इथे त्याला मनाई असते. दांडी एका कोनात धरून रीळ सावकाश, एकसारखे फिरवत राहायचे. प्रवाह, बोटीचा वेग आणि मासा तिन्ही उलट ओढतात, आणि पाच-सहा मिनिटांत धडधाकट माणसाचा हात थरथरतो. मेट बाजूला उभा राहून खुणा मोजतो : शंभर फूट, पन्नास. मग तो नायलॉनचा तुकडा हाताने ओढतो आणि मासा रबरी जाळीत घेतो. पूर्वी अशा वेळी लोखंडी आकडा खुपसून मासा वर घेत. २०२२ मध्ये किनाऱ्यावरच्या राज्यांनी हौशी मच्छीमारांना बाससाठी आकडा वापरायला मनाई केली, कारण बहुतेक मासे परत सोडायचे असतात आणि भोसकलेला मासा सोडून उपयोग नाही.

मग येते मोजपट्टी. मासा ओल्या फळीवर आडवा, तोंड मिटलेले आणि कडेला टेकवलेले, शेपटीची दोन टोके चिमटून एकत्र केलेली. २८ इंचांपेक्षा कमी : परत. ३१ इंच किंवा जास्त : परत. मधल्या तीन इंचांत बसला तर ठेवता येतो, माणशी एक. सुमारे ७१ ते ७९ सेंटिमीटर एवढीच ही फट. त्यात बसणारा मासा चार-पाच किलोंचा असतो. हे माप घेताना डेकवर जी शांतता पसरते ती मासा ओढतानाही नसते. २७ इंचांच्या माशाला ‘थोडी शेपटी ताणा’ म्हणणारा एखादा प्रत्येक टोळक्यात असतो. मेट ऐकून न ऐकल्यासारखे करतो, कारण दंड बोटीला बसतो आणि परवानाही तिचाच जातो.

मोठा मासा लागला तर उलटी निराशा. चाळीस इंचांचा, घरी सांगण्याजोगा बास. दोन्ही हातांवर आडवा पेलून एक फोटो, आणि लगेच पाण्यात. मेट त्याला डोके पुढे करून पाण्यात सोडतो. ऑगस्टमधले वरचे पाणी उबदार आणि प्राणवायूने विरळ असते, त्यामुळे दमलेला मासा जितका वेळ बाहेर राहील तितका त्याच्या जगण्याला धोका जास्त. व्यवस्थापनाच्या हिशेबात सोडलेल्या माशांपैकी नऊ टक्के मेले असे धरले जाते. आकडा लहान वाटतो. पण अटलांटिकवरचे हौशी मच्छीमार धरलेल्या बासपैकी सुमारे नव्वद टक्के परत सोडतात आणि दर वर्षी कोट्यवधी वेळा गळ पडतो. तेव्हा त्या नऊ टक्क्यांचा ढीग भांडण होण्याइतका मोठा होतो. मासे सोडून देणारा हौशी माणूसही मासे मारतो, ही गोष्ट हौशी लोकांना पटवायला संशोधकांना बरीच वर्षे लागली.

माप ठरते कसे

बासवरचे नियम अमेरिका या देशापेक्षा जुने आहेत. १६३९ मध्ये मॅसॅच्युसेट्स बेच्या वसाहतीने कॉड आणि बास शेतात खत म्हणून टाकायला मनाई केली. त्या काळी मासे इतके होते की लोक मक्याच्या मुळाशी पुरत. सतराव्या शतकात प्लिमथ वसाहतीने केप कॉडच्या मासेमारीच्या उत्पन्नातून शाळेला पैसा दिला, त्या मासळीत बासही होता.

विसाव्या शतकात धंदेवाईक पकड १९७३ च्या सुमारास दीड कोटी पौंडांवर गेली आणि १९८३ पर्यंत जेमतेम ३५ लाखांवर कोसळली. चेसापीकमध्ये पिल्लेच कमी दिसू लागली होती. अडचण अशी की मासा बारा-पंधरा राज्यांच्या पाण्यातून फिरतो आणि प्रत्येक राज्याला वाटते की तो शेजाऱ्याने मारला. अटलांटिक स्टेट्स मरीन फिशरीज कमिशन या राज्यांच्या संयुक्त मंडळाने १९८१ मध्ये योजना केली, पण ती पाळायची सक्ती नव्हती. १९८४ च्या कायद्याने सक्ती आली : जे राज्य योजना पाळणार नाही तिथली बासची मासेमारी संघराज्य सरकार बंद करू शकते. १९८५ ते १९९० मेरीलँडने बास धरायला पूर्ण बंदी घातली. मासा परतला. १९९५ मध्ये साठा पूर्ववत झाल्याचे जाहीर झाले, आणि मासेमारी-व्यवस्थापनाच्या यशाचे उदाहरण म्हणून हा बास पाठ्यपुस्तकांत गेला.

पाठ्यपुस्तकातला पुढचा धडा तितका गोड नाही. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोजणीत साठा पुन्हा धोक्याच्या रेषेखाली निघाला. २०२० पासून किनाऱ्यावर २८ ते ३५ इंचांची मर्यादा आली. खालची मर्यादा माद्यांना निदान एकदा अंडी घालू देण्यासाठी, वरची मोठ्या माद्यांना राखण्यासाठी, कारण मोठी मादी लहानीच्या कैकपट अंडी देते. पण २०१५ साली चेसापीकमध्ये पिल्लांची एक दणकट पिढी निपजली होती. २०२२ मध्ये तीच पिढी वाढून या मापात येऊन बसली, आणि हौशी लोकांनी घरी नेलेल्या माशांची संख्या आदल्या वर्षाच्या जवळजवळ दुप्पट झाली. २०२३ मध्ये तातडीचा आदेश निघाला आणि वरची मर्यादा ३५ वरून ३१ वर आली, म्हणजे ती पिढी फटीतून सुटून पुढे जावी. २०२४ मध्ये तेच माप कायम झाले. मोंटॉकच्या डेकवरची ती फळी म्हणजे या सगळ्या बैठकांचा शेवटचा कागद.

चार्टर कप्तानांची तक्रार खोटी नाही. सहा माणसे मोठे भाडे भरून येतात आणि सहा मासे घेऊन जाऊ शकतात, तेही मापात बसले तर. काहींनी व्यवसायाला वेगळी सवलत मागितली. खासगी हौशींनी विरोध केला. समुद्र एक, मासा एक, मग माप दोन कशाला, असा त्यांचा सवाल. त्यात तथ्य आहे. बहुतेक कप्तान आता ‘खेळा आणि सोडा’ असाच दिवस विकतात आणि घरी न्यायला जोडीला ब्लूफिश, पोर्गी किंवा सी बास धरून देतात.

हरलेले आणि जिंकलेले

या भांडणात सर्वांत आधी हरले ते लाँग आयलंडचे पारंपरिक कोळी. सतराव्या शतकापासून त्यांची घराणी किनाऱ्यावरून होडीने लांब जाळे समुद्रात नेऊन अर्धवर्तुळात ओढत आणि बास, वीकफिश धरत. न्यूयॉर्कने बाससाठीचे हे रापणीसारखे जाळे १९९० मध्ये बंद केले. पीटर मॅथिसन यांचे १९८६ चे ‘मेन्स लाइव्ज’ हे पुस्तक याच लोकांवर आहे. गायक बिली जोएलने त्यांच्यावर ‘द डाऊनईस्टर अलेक्सा’ हे गाणे केले. १९९२ च्या जुलैमध्ये जोएल स्वतः त्यांच्याबरोबर ॲमागॅन्सेटच्या किनाऱ्यावर निषेध म्हणून जाळे ओढायला उतरला आणि अटक करवून घेतली. बंदी उठली नाही. जाळे ओढणाऱ्यांच्या पुढच्या पिढ्यांपैकी काही जण आज दांड्यांच्या बोटीवर आहेत.

बासने मोठ्यांनाही हरवले आहे. मॅनहॅटनच्या पश्चिम किनाऱ्याला हडसनमध्ये भराव घालून ‘वेस्टवे’ नावाचा महामार्ग आणि त्यावर जमीन तयार करायची प्रचंड योजना होती. तिथल्या जुन्या धक्क्यांच्या खांबांत बासची पिल्ले हिवाळा काढतात असे निघाले. सरकारी अहवालांनी हे नीट हाताळले नाही म्हणून न्यायालयाने परवाना अडवला आणि १९८५ मध्ये योजना सोडून देण्यात आली.

हडसनच्या माशाला एक डागही आहे. जनरल इलेक्ट्रिकच्या नदीकाठच्या दोन कारखान्यांतून १९७७ पर्यंत सुमारे तीस वर्षे पीसीबी हे रसायन नदीत जात होते. ते चरबीत साठते. १९७६ मध्ये हडसनमधली बासची धंदेवाईक मासेमारी बंद झाली. १९८० च्या दशकात काही वर्षे न्यूयॉर्कच्या सागरी पाण्यातही विक्री थांबली. आजही राज्याचा आरोग्य विभाग बास किती खावा याचे सल्ले काढतो. लहान मुले आणि मूल होण्याच्या वयाच्या बायका यांना ते जास्त कडक आहेत. म्हणून धक्क्यावर मेट मासा कापतो तेव्हा कातडे काढतो आणि मधल्या रेषेजवळचा गडद लाल पट्टा तिरक्या सुरीने वेगळा करून समुद्रपक्ष्यांना टाकतो. उरते ते पांढरे, जाड, घट्ट मांस. काटे फार थोडे. सुरमईला सरावलेल्या जिभेला त्याची चव सौम्य वाटते, पण कालवणात तुकडा मोडत नाही.

किती पिल्ले

बासचा पुढचा उन्हाळा मोंटॉकला ठरत नाही. तो चेसापीकच्या उथळ किनाऱ्यावर, शंभर फुटी जाळ्यात ठरतो. १९५४ पासून मेरीलँडचे जीवशास्त्रज्ञ दर उन्हाळ्यात ठरलेल्या २२ जागी तीनदा जातात, प्रत्येक वेळी दोनदा जाळे ओढतात आणि त्या वर्षी जन्मलेली बोटभर पिल्ले मोजतात. एका ओढणीत सरासरी किती पिल्ले आली, हा त्यांचा निर्देशांक. दीर्घकाळची सरासरी ११ च्या आसपास आहे. २०२३ मध्ये तो १.० होता, २०२४ मध्ये २.०, २०२५ मध्ये ४.०. २०१९ पासून एकाही वर्षी तो सरासरीला पोहोचलेला नाही. पिल्लाला २८ इंच व्हायला साधारण सहा-सात वर्षे लागतात. त्यामुळे मोंटॉकच्या मोजपट्टीवर येत्या उन्हाळ्यांत मापात बसू पाहणारे मासे याच कमी पिल्लांच्या वर्षांतले असतील, आणि साठा पूर्ववत करण्यासाठी मंडळाने ठरवलेली मुदत २०२९ ची आहे.